टाइमप्लीज कोण म्हणू शकतं?

१९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' बाजारात आला. त्या यंत्राला दोन कंट्रोलर वायरने कायमचे जोडलेले होते, आणि ते सारखे नव्हते. पहिल्यावर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं होती. दुसऱ्यावर त्यांच्या जागी एक छोटा मायक्रोफोन बसवला होता. म्हणजे दुसरा खेळाडू यंत्रासमोर ओरडू शकत होता, पण खेळ सुरू करणं किंवा थांबवणं त्याच्या हातात नव्हतं.

पुढे याच यंत्राच्या नकला 'टीव्ही गेम' म्हणून आपल्याकडे आल्या. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असायचा आणि आत तेच पाच-दहा खेळ नावं बदलून फिरत राहायचे. पहिला 'रिमोट' घरातल्या थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा, किंवा बहिणीचा, किंवा आलेल्या पाहुण्याच्या मुलाचा. पाणी प्यायला उठायचं असेल तर थोरल्याला विनंती करायची. आणि थोरला लेव्हलच्या ऐन मध्यात असेल तर तहान विसरायची.

आता याच्या शेजारी गल्लीतला खेळ ठेवून बघा. लपाछपी असो, लंगडी असो की डबा ऐसपैस, मूठ तोंडाशी नेऊन 'टाइमप्लीज' म्हटलं की खेळ थांबतो. हे म्हणायचा हक्क सगळ्यांना सारखा असतो. ज्याच्यावर राज्य आहे त्यालाही, आणि ज्याच्यावर राज्य कधीच येत नाही त्या लिंबूटिंबूलाही. कुठल्याही सहा वर्षांच्या पोराला हा नियम कळतो. तो व्हिडिओ गेम करणाऱ्या आमच्या जमातीला मात्र चाळीस वर्षांत धड कळलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

मी पुण्यात तिघा मित्रांबरोबर एक छोटा गेम बनवतेय. चौघांनी मिळून एक हातगाडी भरल्या बाजारातून उतारावरून न्यायची, प्रत्येकाने एक कोपरा धरायचा, एवढाच खेळ. एक स्क्रीन, एक खोली, दोन ते चार माणसं. गेल्या वर्षभरात ज्याला ज्याला हे सांगितलं त्याचा पहिला प्रश्न एकच होता: "ऑनलाइन आहे ना?" नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव उमटते. मला त्या कीवेशी भांडायचं आहे. आणि त्याहून जास्त, आमच्याच धंद्यातल्या अशा लोकांशी, जे 'लोकल मल्टिप्लेअर'ची पाटी लावतात आणि दुसऱ्या खेळाडूला बसायला जागाच ठेवत नाहीत.

दोघांचा खेळ आधी, एकट्याचा नंतर

एकत्र बसून खेळणं म्हणजे नव्वदच्या दशकाची गोड आठवण, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. व्हिडिओ गेमची सुरुवातच दोन माणसांपासून झाली. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर 'टेनिस फॉर टू' चालवला. दोन माणसांसाठी दोन वेगळे कंट्रोलर, प्रत्येकावर एक फिरवायची खुंटी आणि एक बटण. १९७२ चा 'पाँग' दोघांसाठीच होता. समोर दुसरं माणूस नसेल तर नाणं टाकून उपयोग नव्हता. त्याच वर्षी आलेल्या 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' या घरगुती यंत्राच्या खोक्यातही दोन कंट्रोलर होते.

मला सगळ्यात आवडते ती 'स्पेसवॉर'ची गोष्ट. १९६२ मध्ये एमआयटीतल्या मुलांनी पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर दोन अंतराळयानांची लढाई रचली. सुरुवातीला ती यंत्रावरच्याच खटक्यांनी खेळायची. पण पडदा एका बाजूला होता, त्यामुळे दोघांपैकी एकाला तो नीट दिसायचा आणि दुसऱ्याला मान वाकडी करावी लागायची. मग त्या मुलांनी वायर जोडून दोन वेगळ्या पेट्या बनवल्या, दोघांना सारखं बसता यावं म्हणून. व्हिडिओ गेमच्या अगदी पहिल्या कंट्रोलरांपैकी हे दोन. ते जन्माला आले याचं एक कारण असं की कुणीतरी म्हणालं, "हे बरोबर नाही, मला दिसत नाहीये."

एवढ्या साध्या न्यायबुद्धीतून निघालेली वस्तू आज कुठे येऊन पोहोचली? 'हेलो' ही मालिका एका सोफ्यावर, एका टीव्हीचे तुकडे पाडून खेळण्यासाठी जगभर ओळखली जायची. २०१५ च्या 'हेलो ५' मधून स्प्लिट स्क्रीन काढून टाकली. लोक चिडले. २०१७ मध्ये स्टुडिओच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं की यापुढच्या गोळीबाराच्या प्रत्येक हेलोत ती असेल. 'हेलो इन्फिनिट' २०२१ मध्ये आला, आणि २०२२ मध्ये त्याच्या कथेच्या भागात दोघांनी एका स्क्रीनवर खेळायची सोय रद्द झाल्याची घोषणा झाली. ज्यांच्याकडे पैशाला आणि माणसांना तोटा नाही, त्यांनाही दुसऱ्या खेळाडूची खुर्ची परवडेनाशी झाली.

ती खुर्ची सांभाळली ती छोट्या लोकांनी. मॅडी थॉर्सन यांचा 'टॉवरफॉल' २०१३ मध्ये आला. धनुष्यबाण घेतलेले चार जण एका स्क्रीनवर, ऑनलाइन काहीही नाही. २०१६ चा 'ओव्हरकुक्ड' हा सगळा गोंधळी स्वयंपाक इंग्लंडमधल्या दोन माणसांच्या स्टुडिओने रांधला आणि पुढच्या वर्षी त्याला बाफ्टा मिळाला. त्यामुळे हे काम इंडी लोकांचं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुद्दा आहे तो आपण ते कसं करतो याचा.

'प्लेअर' नावाचा एकच माणूस

कुठल्याही छोट्या गेमचा कोड उघडा. पहिल्याच आठवड्यात लिहिलेली एक ओळ सापडते, जिचा मराठीत अर्थ होतो: 'उडीचं बटण दाबलं असेल तर खेळाडूला उडव.' कुठलं बटण? कुणी दाबलेलं? कुठला खेळाडू? हे प्रश्न त्या ओळीत नाहीत. गोडोसारख्या फुकट मिळणाऱ्या इंजिनातही बटणाची जोडणी सहसा 'कुठल्याही डिव्हाइसवरून आलं तरी चालेल' अशीच असते. एकट्यासाठी ते सोयीचं. पण त्या ओळीवर कॅमेरा उभा राहतो, मग मेनू, मग सेव्ह फाइल, मग शत्रूंची अक्कल, जी 'खेळाडू'चा पाठलाग करते. आठ महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, "टू प्लेअर टाकूया का?" तेव्हा त्या सगळ्या इमारतीला एकच माणूस माहीत असतो. दुसऱ्याला कुठेतरी माळ्यावर झोपवावं लागतं.

असा माळ्यावरचा दुसरा खेळाडू तुम्हीही झाला असाल. कॅमेरा पहिल्याच्याच मागे जातो आणि तुम्ही स्क्रीनच्या कडेला घासत मरता. मेनूत फक्त पहिल्याचा कंट्रोलर चालतो. बॅटरी संपून तुमचा कंट्रोलर बंद पडतो, तरी गेम चालूच राहतो आणि तुमचं पात्र पुतळ्यासारखं उभं राहून मार खातं. कंट्रोलर पुन्हा जोडला की गेम तुम्हाला तिसरा खेळाडू समजतो. यातली एकही गोष्ट कठीण नाही. कंट्रोलर तुटला की खेळ थांबवायचा, तोच परत आला की त्याच माणसाला द्यायचा, दुसराच आला तर विचारायचं. दोन दिवसांचं काम आहे. ते होत नाही, कारण बनवणारा दिवसभर एकटाच बसून चाचणी करत असतो.

माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या आठवड्यातली ती ओळ वेगळी लिहा. 'अमक्या खेळाडूच्या हातातल्या अमक्या डिव्हाइसवर उडी दाबली गेली' अशी. डिव्हाइस आणि खेळाडू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गाठ खेळ सुरू होताना, बटण दाबून, माणसाच्या देखत बांधली गेली पाहिजे. जो बटण दाबेल तो आत, क्रम कुठलाही असो. आणि पॉज सगळ्यांना.

पॉज सगळ्यांना दिला की कुणीतरी त्याचा त्रास देतो, असा आक्षेप येतो. येतोच. गल्लीतही टाइमप्लीजचा गैरवापर होतो. त्यावर गल्लीने हक्क काढून घेतला नाही. "सारखं सारखं चालणार नाही हं," असं बाकीचे ओरडतात आणि प्रश्न मिटतो. एका खोलीतल्या खेळाचा हाच फायदा आहे: बरेचसे नियम माणसं स्वतः सांभाळतात. गेमने पोलिस व्हायची गरज नसते.

चार कंट्रोलर कुणाच्या घरात आहेत?

परदेशी डिझाइनचे सल्ले वाचले की त्यात एक सोफा असतो, एक मोठा टीव्ही असतो आणि चार कंट्रोलर असतात. आपल्याकडे हे चित्र किती घरांत दिसतं? एक कंट्रोलर असलाच तर असतो. लॅपटॉप असतो, तो कॉलेजसाठी घेतलेला. बाकी प्रत्येकाच्या खिशात फोन. त्यामुळे इनपुटचा विचार आपल्याकडे 'सगळे काय घेऊन आलेत?' इथून सुरू झाला पाहिजे.

कीबोर्डपासून बघू. एका कीबोर्डवर दोघं खेळणं हा आपला जुना मार्ग. एकाला डब्ल्यू-ए-एस-डी, दुसऱ्याला बाण. मग ऐन मोक्याच्या क्षणी एकाचं बटण लागतच नाही आणि भांडण होतं, "मी दाबलं होतं!" तो खरं बोलत असतो. स्वस्त कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष जोडली जाते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली गेली की चौथंही दाबल्यासारखं यंत्राला वाटतं. हा भास टाळायला कीबोर्ड तिसरं बटणच नाकारतो. कुठली तीन बटणं अडकतील हे दर मॉडेलला वेगळं. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट ही बटणं सहसा या कटकटीतून सुटलेली असतात, म्हणून जुने दोघांचे गेम गोळीसाठी तीच वापरायचे. पण शिफ्ट पाच वेळा दाबलं की विंडोज 'स्टिकी कीज'ची चौकट उघडतं, आणि गेम गेला खड्ड्यात.

हे माहीत असलेला डिझायनर काय करतो? बटणं बदलायची सोय पहिल्या दिवसापासून देतो. एका माणसाला एका वेळी दोनपेक्षा जास्त बटणं धरून ठेवावी लागणार नाहीत असा खेळ रचतो. आमच्या हातगाडीत म्हणूनच एक दिशा आणि एक 'धर/सोड' एवढंच आहे. लोक याला साधेपणा म्हणतात. माझ्यासाठी तो सहाशे रुपयांच्या कीबोर्डचा मान राखणं आहे.

कंट्रोलरचंही तसंच. गल्लीबोळातल्या दुकानात मिळणारा बिननावाचा कंट्रोलर विंडोजला स्वतःची ओळख धड सांगत नाही. त्याचं पहिलं बटण दुसऱ्याच्या तिसऱ्या जागी असतं. जगभरच्या लोकांनी मिळून अशा शेकडो कंट्रोलरांच्या जोडण्यांची एक खुली यादी केली आहे आणि ती फुकट वापरता येते. झिजलेली काडी हात न लावताही थोडी कललेली राहते, म्हणून मधला काही भाग 'मृत' धरावा लागतो, नाहीतर पात्र आपोआप चालत सुटतं. तो भाग कमी-जास्त करायची सोय प्रत्येक खेळाडूला वेगळी हवी, कारण खोलीतला सगळ्यात झिजलेला कंट्रोलर नेमका कुणाला मिळतो हे आपल्याला माहीत आहे. आणि कृपा करून 'ए दाबा' असं लिहू नका. एक्सबॉक्सवर ए खाली असतो, निन्टेन्डोवर उजवीकडे. जपानी प्लेस्टेशनवर तर २०२० च्या पीएस ५ पर्यंत गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार होता, बाकी जगाच्या अगदी उलट. चार ठिपके काढा, त्यातला एक रंगवा. वाचता न येणाऱ्या पोरालाही कळेल.

कंट्रोलर एकच असेल तर? 'ओव्हरकुक्ड'ने तो मधून वाटून दिला: डावी काडी आणि डावी बटणं एकाला, उजवी दुसऱ्याला. दोघं खांद्याला खांदा लावून एकच वस्तू धरतात. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचने तर कंट्रोलर सुटा करून दोघांना एकेक तुकडा हातात देता येईल अशी रचनाच केली. आणि कंट्रोलर एकही नसेल तर फोन आहेत. २०१२ चा 'स्पेसटीम' आठवा: प्रत्येकाच्या फोनवर वेगळी बटणं, सूचना मात्र दुसऱ्याच्या बटणांच्या, त्यामुळे सगळे एकमेकांवर ओरडतात. 'जॅकबॉक्स'मध्ये टीव्हीवर चार अक्षरांचा कोड येतो आणि फोनचा ब्राउझर हाच कंट्रोलर होतो.

आपल्याला हे नवीन नाही. हॉस्टेलमध्ये एकाच्या हॉटस्पॉटवर आख्खी खोली 'मिनी मिलिशिया' खेळायची, इंटरनेटचा एक एमबीही न जाळता. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या कंपनीने काढलेल्या 'लुडो किंग'मध्ये एकच फोन हातोहात फिरवत चौघांनी खेळायची सोय आहे. इथल्या माणसांनी मिळेल त्या यंत्रावर एकत्र खेळून दाखवलंय. इथले गेम करणारे मात्र चार कंट्रोलरवाला सोफा डोळ्यांपुढे ठेवून बसलेत.

लिंबूटिंबूचं काय करायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न बटणांच्या पुढचा आहे. खोलीत येणारी माणसं एकसारखी तयारीची नसतात. एकाने आयुष्य गेममध्ये घालवलंय, दुसरीने आजवर कंट्रोलर हातात धरलेला नाही. आमच्याकडे बहुतेक वेळा ती दुसरी म्हणजे कुणाची तरी आई, बहीण किंवा बायको असते. तिला काडी ढकलता ढकलता कॅमेरा फिरवायचा हे कळेपर्यंत पहिला वैतागलेला असतो, आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं: "दे इकडे, मी करतो."

या वाक्यानंतर ती पुन्हा कंट्रोलर मागत नाही. 'बायकांना गेम आवडत नाहीत' हे जे आपण ऐकतो, त्याचा पुष्कळसा भाग या चार शब्दांत तयार होतो, असं माझं ठाम मत आहे. त्याचा दोष वैतागलेल्या भावावर ढकलून डिझायनरला सुटता येणार नाही. खेळ असा रचला असेल की एकाच्या चुकीने दोघांना लेव्हल पहिल्यापासून करावी लागते, तर भाऊ वैतागणारच.

यावर दोन उत्तरं दिली गेली आहेत. 'सुपर मारियो गॅलक्सी'मध्ये (२००७) दुसरा खेळाडू फक्त स्क्रीनवर एक चांदणी फिरवतो आणि तारकांचे तुकडे गोळा करतो. तो मरत नाही, पण त्याच्यावाचून काही अडतही नाही. हा खरा लिंबूटिंबू. 'न्यू सुपर मारियो ब्रदर्स वी'ने (२००९) वेगळी वाट काढली. झेपत नसलं की बटण दाबून बुडबुड्यात शिरायचं, तरंगत पुढे यायचं, आणि वाटेल तेव्हा बाकीच्यांकडून बुडबुडा फोडून घेऊन खेळात उतरायचं. पात्र तेच, मान तोच, फक्त दमायला परवानगी. मी दुसऱ्या वाटेच्या बाजूची आहे. बुडबुडा म्हणजे एका माणसापुरतं टाइमप्लीज. बाकीच्यांचा खेळ न थांबवता.

आणि नवशिक्याचा हात सावरणारी कोडमधली युक्ती तर जुनीच आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मान्य करायची. सेकंदाला साठ फ्रेम असतील तर पाच-सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. त्याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. 'टॉवरफॉल'वाल्या थॉर्सन यांच्या 'सेलेस्ट'सारख्या कमालीच्या अवघड गेममध्येही ही उदारता ठासून भरली आहे. ती प्रत्येक खेळाडूला वेगळी देता येते. कुणाला सांगायचीही गरज नाही. आई उडी चुकत नाही, एवढंच दिसतं.

'पण खपत नाही'

आता त्या कीवेकडे. म्हणतात, लोकल मल्टिप्लेअर खपत नाही. मित्र एक पुण्यात, एक बंगळुरूत, एक टोरंटोत. व्हिडिओ करणारे एकटे बसून खेळतात. हे सगळं खरं आहे, आणि 'ओव्हरकुक्ड'च्या दुसऱ्या भागात ऑनलाइन आलं ते उगाच नाही. 'टॉवरफॉल' दाखवून दरवेळी यशाची हमी देणं हाही बनाव आहे. बुडालेल्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

पण ऑनलाइनचा हिशेबही पूर्ण मांडा. चार जणांच्या स्टुडिओने ऑनलाइन गेम काढला, तर त्याला दर संध्याकाळी जगात कुठेतरी पुरेशी माणसं जागी हवीत. तीन महिन्यांनी लॉबी रिकामी होते, 'खेळाडू शोधत आहे' हे चाक फिरत राहतं, आणि विकत घेतलेली वस्तू मरते. एका खोलीतल्या गेमला एकच दुसरं माणूस लागतं. तो दहा वर्षांनीही चालतो, वीज असेपर्यंत. आणि दूरच्या मित्रांसाठी स्टीमने २०१९ मध्येच 'रिमोट प्ले टुगेदर' आणलं: गेम तुमच्या यंत्रावर चालतो, चित्र मित्राकडे जातं, त्याची बटणं तुमच्याकडे येतात. थोडा उशीर होतो, पण चालतं. त्यासाठी गेममध्ये लोकल मल्टिप्लेअर मात्र नीट असावं लागतं. पाया तोच.

'इट टेक्स टू' हा गेम एकट्याने खेळताच येत नाही. एकाने विकत घेतला की ऑनलाइन खेळायला दुसऱ्याला फुकट, अशी सोय त्यांनी केली. २०२१ चा गेम अवॉर्ड्समधला वर्षातला सर्वोत्तम गेम तोच ठरला. दुसऱ्या माणसाकडे 'न विकली गेलेली एक प्रत' म्हणून बघायचं थांबवलं की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

इथे गेम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे. येत्या आठवड्यात तुमचा गेम अशा माणसाच्या हातात द्या ज्याने कधी कंट्रोलर धरलेला नाही, त्याला दुसरा खेळाडू करा आणि तुम्ही तोंड बंद ठेवून मागे बसा. त्याला आत येता येतं का, मरून परतता येतं का, थांबवता येतं का, एवढं बघा. जे अडेल ते ट्रेलरच्या आधी दुरुस्त करा.

आणि वाचताय त्या तुम्हाला: पुढच्या वेळी कुणी "दे इकडे, मी करतो" म्हणालं, तर देऊ नका.